बाबाची पाच पुस्तकं आणि फाडलेलं पान

माझा बाप माझ्या एका थापेवर सात वर्षं जगला.

आज त्याचा स्मृतिदिन. डिसेंबर संपत आला की तुम्ही सगळे वर्षभरातल्या आवडत्या पुस्तकांच्या लिस्ट टाकता, मी पटापट लाईक करते, आणि दरवर्षी मला एकच लिस्ट आठवत राहते.

बाबाची. साल १९७९, मुक्काम सेलू.

बाबाला वाचता येत नव्हतं. तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. घरी यायचा तेव्हा मिशीत कापूस, कानात कापूस, भुवयांत कापूस. हातपाय धुऊन ओट्यावर बसला की म्हणायचा, काढ पुस्तक.

मी नववीत होते. गावच्या वाचनालयात माझं कार्ड होतं. शाळेचा अभ्यास राहिला तरी चालेल, पण बाबाचं पुस्तक राहिलं तर घरात तोंडं फुगायची.

वर्ष संपताना त्यानं बोटांवर मोजून पाच पुस्तकं निवडली. नावं त्याच्या लक्षात राहत नसत, गोष्टी राहत.

एक विहीर खणणाऱ्यांचं. त्यात पाणी लागलं तेव्हा बाबानं खरंच टाळी वाजवली होती.

एक वाघाचं. त्याच्यावर शेरा असा, की लिहिणाऱ्यानं वाघ काही पाह्यला नाई, पण लिवलं मस्त.

एक सासूला वठणीवर आणणाऱ्या सुनेचं. हे आईच्या वशिल्यानं आलं. ती चुलीजवळून सगळं ऐकायची आणि ऐकत नसल्याचं सोंग करायची.

चौथं मला आता आठवत नाही. कितीही डोकं खाजवलं तरी नाही. त्याचं फार वाईट वाटतं.

आणि पहिल्या नंबरावर, म्हातारीच्या पोराचं. रागावून घर सोडलेला मुलगा आणि त्याची वाट पाहणारी आई.

इथं घरातली एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या दोन वर्षं आधी माझा मोठा भाऊ मॅट्रिकला नापास झाला. बाबानं त्याला चारचौघांत थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी दादा भिलाईला कामाला जातो म्हणून गेला, तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. आमच्याकडे त्याचं नाव कोणी काढत नव्हतं.

मी पुस्तक आधी चाळून पाहायला हवं होतं. अक्कल नव्हती.

शेवटच्या पानावर आले. डोळे आवाजाच्या पुढे गेले. म्हातारी मरते. मुलगा येतच नाही.

मी थांबले.

"मंग? आलं का पोरगं?"

बाबा माझ्याकडे पाहत नव्हता. रस्त्याकडे पाहत होता.

"आलं," मी म्हटलं.

"कवा?"

"दिवेलागणीले. दारात उभं राह्यलं. पाणी मागतलं."

"माय काई बोलली त्याले?"

"नाई. पाणी देल्लं."

 बाबा म्हणाला, बरोबर लिवलं, पोरगं असंच येते.

दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला तो पाण्याचा गडवा भरून ओट्यावर ठेवायला लागला. आईनं विचारलं, काऊन? तर म्हणे येणाऱ्याजाणाऱ्याले. आमच्या गल्लीच्या टोकाला नाला होता. तिकडून कोण येणार, कोण जाणार!

मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. आधी दया आली, मग भीती वाटली, मग लग्न होऊन सासरी बोरगाव मेघेला आले. कारणांना काय तोटा?

पुढे गावात प्रौढशिक्षणाचा वर्ग निघाला. बाबा पाटी घेऊन जायला लागला आणि दोन वर्षांत अक्षराला अक्षर लावून वाचू लागला. मला आनंद झाला आणि धास्तीही बसली. एकदा माहेरी गेले तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं, ते म्हातारीचं वाचलं का रे? म्हणाला, ते ऐकलं ना तुह्याकडून, आता नवीन वाचतो. मी निर्धास्त झाले.

८६च्या डिसेंबरात बाबा गेला. छातीत कापूस भरला होता, दुसरं काय. दादा आला नाही. त्याला कळवणार तरी कुठं?

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर बाबाच्या उशाजवळचं पुस्तक परत करायला मी वाचनालयात गेले. तिथले ग्रंथपाल म्हातारे झाले होते. म्हणाले, तुझा बाप तीन वर्षांपूर्वी माझ्याशी कडाडून भांडला होता, तुला सांगितलं की नाही? आणि त्यांनी वाचकांची तक्रारवही काढली.

पेन्सिलीनं लिहिलेली मोठीमोठी अक्षरं होती.

"या पुस्तकातलं शेवटचं पान कोणतरी फाडलं आहे. पोरगं परत येते ते पान. माह्या पोरीनं मले वाचून दाखोलं होतं. माही पोरगी खोटं वाचत नाई. पान शोधून लावा."

खाली त्याची सही. बाबानं आयुष्यात लिहिलेला पहिला अर्ज.

ग्रंथपालांनी त्याला पानांचे आकडे एकेक करून दाखवले होते. एकही पान कमी नव्हतं. आकडे पाहून बाबा उठून गेला म्हणे.

त्यानंतर तो तीन वर्षं जगला. मी दर दिवाळीला माहेरी जात होते. त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही.

आणि गडवा? तो शेवटच्या दिवसापर्यंत भरत होता.

मी घरी येऊन आईला काही सांगितलं नाही. दिवेलागणी झाली तशी आई उठली आणि गडवा भरून ओट्यावर ठेवून आली. मी आत बसून रडले.

आता आईही नाही, सेलूचं घरही नाही. गडवा माझ्याकडे आहे. आजच्या दिवशी मी तो भरून दारात ठेवते. नातवंडं विचारतात, आजी, कोण येणार आहे? मी म्हणते, कोणी नाही.

बाबा, पान कोणी फाडलं नाई.

मी खोटं वाचलं होतं.

तुले माझा जय भीम.