घालते तुला गेममध्ये

"घालते तुला गेममध्ये," असं ती म्हणायची. ओरडून नाही. डाव्या कानातला इअरफोन काढायचा, समोरच्याकडे नीट बघून घ्यायचं, एवढंच बोलायचं आणि इअरफोन परत कानात. ज्याला म्हटलं तो हसायचा. आम्ही हसत नसू, कारण ती खरंच घालायची.

तिचं सांगायचं तर आधी आमच्या घराचं सांगायला हवं. माझी आई काजूच्या कारखान्यात बसायची. पायाने पट्टी दाबायची, हाताने दांडा ओढायचा, टक, की आतला गर अख्खा बाहेर आला पाहिजे. बोटांना तेल चोळून बसली तरी चिकाने कातडं जायचंच. घरी आल्यावर तिला भात कालवता यायचा नाही, मी भरवायचे. वडील मुंबईला हॉटेलात. गणपतीला आणि शिमग्याला दिसायचे. संगमेश्वरकडच्या आमच्या वाडीत माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मी चढले आणि पदवी घेऊन उतरले. हे मी कुणी न विचारता सांगते, तुम्हालाही सांगितलं.

पुढे रत्नागिरीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. ती तिथे आधीपासून होती. मिरकरवाड्याची, घरची होडी, बोलायला फटकळ. मी पहिल्याच दिवशी पदवीचं सांगितलं, तेव्हापासून माझं नाव 'ग्रॅज्युएट' पडलं. शिकवून झालं की ती भीतीचे गेम बनवत बसायची. एकटी, कुरकुरणाऱ्या मशीनवर.

एकदा एका कंडक्टरने तिला भर पावसात आधीच्याच स्टॉपवर उतरवलं. तुम्ही-आम्ही घरी येऊन चार शिव्या दिल्या असत्या. तिने गेम केला. तुम्ही रिकाम्या गाडीत बसलेले आहात. मागून कुणीतरी दांड्यावर नाणं वाजवत एकेक सीट पुढे येतंय. मागे बघायचं नाही. बस्स, एवढाच गेम. कंडक्टर शेवटपर्यंत दिसत नाही. मी खेळले आणि पुढे कितीतरी दिवस गाडीत मागच्या सीटसाठी धावले.

"काय ग्रॅज्युएट, फाटली?" तिने विचारलं.

मी म्हटलं, भूत तरी दाखवायचं. तर म्हणाली, "दिसलं की माणूस सुटतो गो. दाखवायचं नाय. नुसतं येतंय असं वाटलं पाहिजे."

खरं कारण मला नंतर कळलं. तिला माणसाचे हात-पाय धड काढता येत नसत. मोठ्या कंपन्यांकडे चित्रं काढायला शंभर माणसं, त्यांच्या भुतांना दातही मोजून दिलेले. आमच्याकडे एक माईक. म्हणून तिने आवाज धरला. दोरावर ओढ बसली की होडी कण्हते, तो आवाज तिने बंदरावर जाऊन घेतला होता. तो ऐकताना मी दिवे लावायला उठायचे, आणि ती शेजारी बसून चकली खायची.

आम्ही दोघींनी मिळून एक गेम केला तो आईच्या कारखान्याचा. बायका घरी गेल्यात, तुम्ही एकट्या झाडू मारताय, आणि पलीकडच्या खोलीत टक. थांबून टक. आवाज आईचा. आवाज घ्यायला गेलो त्या दिवशी आई ठेवणीतलं लुगडं नेसून मशीनवर बसली होती. आवाजात लुगडं दिसत नाही हे तिला सांगायला आमची जीभ रेटली नाही. माझी मैत्रीण मात्र माईक लावताना आईची बोटं बघत राहिली. मग माईक त्या बोटांच्या आणखी जवळ सरकवला.

गेम नेटवर गेला आणि चालला. फक्त त्यावर नाव होतं आमच्या सरांचं. क्लास त्यांचा, मशीन त्यांची, म्हणून गेमही त्यांचा, असं त्यांनी समजावलं. वर एका कार्यक्रमात सांगितलं की तो टकचा आवाज मुंबईच्या स्टुडिओत बनवून घेतला. आई प्रेक्षकांत होती. परतताना रिक्षात एवढंच म्हणाली, "तो माजा आवाज हाय ना गो?"

मी क्षमाशील वगैरे नाही. तेव्हाच नोकरी सोडून सरांच्या दारात उभी राहून तमाशा करणार होते. तिने इअरफोन काढला आणि मला गप्प केलं. "तमाशा दोन दिवसांत विसरतात. थांब. घालते त्याला गेममध्ये."

सरांची एक गोष्ट आम्हा दोघींना ठाऊक होती. ते भित्रे होते. आमचा एकही गेम त्यांनी शेवटपर्यंत खेळलेला नव्हता.

नवा गेम देवळातला. गाऱ्हाणं चाललंय. म्हातारा गावकर देवापुढे एकेक मागणं मांडतो आणि मागचा गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा." गेममध्ये तुम्हीही गावकऱ्यांत उभे आहात, तुम्हाला फक्त बटण दाबून व्हय म्हणायचंय. नाही दाबलं की मागचा एक माणूस गप्प होतो. मग दुसरा. मागे वळायचं नाही. गावकराचा आवाज माझ्या चुलत्यांचा, वाडीत गाऱ्हाणं तेच घालतात. कशासाठी हे सांगितल्यावर त्यांनी आधी देवाला विचारलं, मग हो म्हणाले.

सरांनी तोही गेम स्वतःच्या नावावर लावला. क्लासच्या नव्या शाखेचं उद्घाटन होतं. हॉल भरलेला, पोरांचे आईबाप, पहिल्या रांगेत सरांचे वडील आणि गावाकडची माणसं. तिने सुचवलं की सर, तुमचा गेम तुम्हीच खेळून दाखवा. एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार?

पडद्यावर देऊळ आलं. चुलत्यांनी सुरुवात केली: बा देवा म्हाराजा, भातशेती पिकू दे. सरांनी बटण दाबलं आणि त्यांच्याबरोबर अख्खा हॉल हसत म्हणाला, व्हय म्हाराजा. मुंबईला गेलेली पोरं सुखरूप ठेव. व्हय म्हाराजा. आता हॉलला चव लागली होती. आपल्याकडे गाऱ्हाणं सुरू झालं की तोंड आपोआप उघडतं.

मग चुलत्यांचा आवाज उतरला. "ज्या कोणी दुसऱ्याच्या हातचं काम आपल्या नावावर खपवलं असेल, त्याच्या घरात हा आवाज वाजत राहू दे." आणि मागून आलं, टक.

हॉल म्हणाला, व्हय म्हाराजा. सरांचे वडील सगळ्यांत मोठ्याने म्हणाले.

सरांचं बोट बटणावर टेकलेलं, पण दाबलं जाईना. गेममधला एक माणूस गप्प झाला. टक, थोडं जवळून. दुसरा गप्प झाला. हॉल सरांच्या बोटाकडे बघायला लागला. दाबलं तर कबुली, नाही दाबलं तर मागून ते येतंय. सरांनी वळून मागे पाहिलं. खऱ्या हॉलमध्ये, खरं. मागे नुसती भिंत होती.

तिने दोन्ही इअरफोन काढले. मी पहिल्यांदाच तिचे दोन्ही कान मोकळे पाहिले.

"सर, दाबा की," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "गाऱ्हाण्याला नाय म्हणत नाय कुणी."

सर वायर उपटायला वाकले. तेवढ्यात त्यांचे वडील उठले आणि म्हणाले, "कुणाचं काम हाय रे ते? त्याचं नाव लाव." गर्दीत माझी आई बसली होती. तिने हात वर केला, शाळेत करतात तसा.

नावं बदलली. सरांनी नंतर मला रस्त्यात ओळख दाखवली नाही. मला आनंद झाला, तो अजून ओसरलेला नाही.

ती त्याच वर्षी बंगळुरूला एका गेम बनवणाऱ्या कंपनीत गेली. स्टँडवर गाडी सुटताना मी रडायला लागले तर खिडकीतून इअरफोन काढून म्हणाली, "रडलीस तर घालते तुला गेममध्ये." अजून घातलेलं नाही. तिचा प्रत्येक नवा गेम मी त्यासाठीच शेवटपर्यंत खेळते.

आई गेम खेळत नाही. कारखाना सोडला तरी तिची बोटं सरळ होत नाहीत. कधीतरी मला म्हणते, कारखान्याचा गेम काढ, ते मधलं सगळं राहू दे, शेवट लाव. मी लावते. काळ्या पडद्यावर तीन नावं येतात. पहिलं माझ्या मैत्रिणीचं. दुसरं माझं, पदवीसकट. आणि 'आवाज' या शब्दापुढे माझ्या आईचं.