जिवंत भाग

"दार उघडंच राहू दे, बाई," असं म्हणत काका खुर्ची उचलायचे आणि थेट उंबऱ्यात मांडायचे. बालाघाटला मी एका दवाखान्यात नर्स. काका आमचे शेजारी, भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले, बायको वारलेली. थंडीतही त्यांचं दार उघडं. गल्लीतली कुत्री आत येऊन झोपायची, आणि काका त्यांनाच "सरका जरासे" म्हणत अंथरूण घालायचे. तुमच्याही शेजारी असा कुणी असेल. आपण त्याला विक्षिप्त ठरवतो आणि सोडून देतो. मीही तेच केलं होतं.

मग त्यांना हृदयाचा झटका आला. त्यातून वाचले, पण चार पायऱ्या चढल्या की छाती आवळायची. ऑपरेशनचं नाव काढू द्यायचे नाहीत. नागपूरच्या डॉक्टरांनी आधी एक स्कॅन सांगितला. शिरेतून थोडं किरणोत्सर्गी औषध देतात. रक्त पोचेल तिथे तेही पोचतं, आणि कॅमेऱ्यात हृदयाचा तेवढा भाग उजळ दिसतो. मुलगा रायपूरला, त्याला सुट्टी मिळेना. मी सोबत गेले.

इंजेक्शननंतर लहान मुलं आणि गरोदर बाया यांच्यापासून लांब बसा, असं सांगितलं होतं. काकांनी ते इतकं मनावर घेतलं, की कुठलीही बाई आली की खुर्ची बदलायची. "मी आता कंदील झालो न," म्हणाले. तेवढंच हसू.

आत मात्र हात डोक्यावर घेऊन आडवं व्हायचं होतं, पंधरा-वीस मिनिटं, न हलता. कॅमेरा छातीजवळ सरकला आणि काका उठून बसले. दुसऱ्यांदाही तेच. सदरा घामानं भिजला. टेक्निशियन चिडला नाही, पण फार उशीर केला तर चित्र नीट येणार नाही, म्हणाला.

मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं. तेव्हा ते बोलले. जवानीत ते दुसऱ्या एका खाणीत होते, ती आता बंद झाली. तिथं छत कोसळलं. काका एका बाजूला अडकले, कामावरचा जोडीदार ढिगाऱ्यापलीकडे. कितीतरी वेळ तो दगडावर दगड आपटत राहिला. मग आवाज थांबला. सुटल्यावर काकांनी त्याच्या बायकोला सांगितलं, की तो जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंच नाही.

"जित्ता होता तो, बाई. मले आयकू येत होतं."

तिसऱ्या वेळी टेक्निशियननं मला पायाशी उभं राहू दिलं. मी त्यांचा अंगठा धरून कटंगीच्या बाजारापासून माझ्या सासूपर्यंत काय वाट्टेल ते बोलत राहिले. काका हलले नाहीत. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं. हात वर होते, पुसता येत नव्हतं.

डॉक्टरांनी दोन चित्रं शेजारी ठेवली, एक आरामात काढलेलं, दुसरं नंतर औषधानं हृदयावर जोर आणून काढलेलं. एकात हृदयाचा एक भाग उजळ, दुसऱ्यात तोच काळा. आराम असताना तिथं थोडं रक्त पोचतं, जोर पडला की पोचत नाही, असं त्यांनी समजावलं. तो भाग मेलेला नाही, फक्त वाट बुजली आहे.

काकांनी त्या काळ्या जागेवर बोट ठेवलं.

"जित्ता हाये न तो?"

"हो."

"मंग काहून थांबता? बाहेर काढा त्याले."

ऑपरेशन झालं. चार महिन्यांनी अंगात बळ आलं तसे ते मला घेऊन उकव्याला गेले, त्या जोडीदाराच्या घरी. त्याची बायको अंगणात धान पाखडत होती. काकांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की वैनी, मी खोटं बोललो होतो.

तिनं सूप खाली ठेवलं. "मले ठाव होतं," ती म्हणाली. "पण तुमी एवढे वर्स काहून नाही आले?"

काका तिथंच सुपाशेजारी बसले. तिनं त्यांना पाणी आणून दिलं.

त्यानंतर काका तीन वर्षं जगले. ते गेल्याचं कळलं तेव्हा उकव्याहून ती म्हातारी पहिल्या बसनं आली. घरची माणसं अजून रायपूरहून पोचायची होती. ती त्यांच्या उशाशी जाऊन बसली आणि त्यांना न्यायला उचलेपर्यंत उठली नाही.