शेजारच्या दाढेचं काय?

दातांच्या दवाखान्यात किस्से साठतात ते दाढांच्या फटीत मेथी साठते तसे. एक काढावा, तर मागं दुसरा असतोच!

मी संभाजीनगरात रोज कुणाच्या ना कुणाच्या दाढेला कॅप बसवते. मागच्या दोन दाढा एकमेकींना अशा टेकायला हव्यात की मधून दोरा घट्ट सरकावा, पण घास जाऊ नये. फट राहिली की तिथं अन्न कुजतं. कॅपला काही होत नाही, शेजारची चांगली दाढ मात्र किडते. त्या बिचारीच्या बाजूनं भांडणारी शहरात मी एकटीच उरलेय की काय, असं हल्ली मला वाटायला लागलंय.

*

परवा लॅबमधून झिरकोनियाची कॅप आली. झिरकोनिया म्हणजे पांढरं, भयंकर कडक मटेरियल. तोंडात बसवून बघते तर शेजारी नख जाईल एवढी फट! पोर्सिलेन असतं तर थोडा थर चढवून भट्टीत घालता आलं असतं. हे एकदा जास्त घासलं गेलं की बहुतेक वेळा नवीनच करावं लागतं. लॅबवाल्याला फोन लावला.

"मॅडम, प्लास्टरच्या मॉडेलवर तर एकदम परफेक्ट बसलंय!"

"मग पेशंटऐवजी मॉडेललाच जेवायला वाढू का?"

*

एक सेल्समन आला. "मॅडम, आमच्या कॅपवरून ट्रक गेला तरी तुटणार नाही!"

माझं डोकंच फिरलं. "दाढेत ट्रक कुणाच्या अडकतो हो? मेथी अडकते, मेथी!"

माझी असिस्टंट नसरीन मागून म्हणाली, "नान-खलिये का गोश्त बोलो ना मॅडम, मेथी तो निकल जाती!"

सेल्समननं गंभीर चेहऱ्यानं बॅग उघडली आणि गोश्तासाठी वेगळं ब्रोशर आहे का ते शोधायला लागला.

*

वाळूजला शिफ्टमध्ये काम करणारे एक गृहस्थ. त्यांची कॅप उलट इतकी दाबून बसली की मधे घातलेला दोराच तुटला. मी ती घासायला घेतली, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू द्या मॅडम, लई भारी फिट झालंय! दोराच जाईना, तर घास कुठून जाईल?"

"अहो, शेजारची दाढ ढकलली जाईल. दुखेल!"

"तिचं ती बघून घेईल की!"

*

सिडकोतले एक रिटायर्ड प्राध्यापक तर फटीतलं अन्न सेफ्टी पिननं टोकरून काढतात. माझ्यासमोर, खुर्चीत बसून! मी अक्षरशः ओरडले.

"घाबरू नका," ते शांतपणे म्हणाले. "झिरकोनिया आहे, त्याच्यावर ओरखडा उठत नाही."

"आणि शेजारच्या दाढेवर?"

"ती तर फुकटच मिळालेली आहे!"

*

आणि या पिशोरच्या कौसाबाई. त्यांची जुनी धातूची कॅप वर्षानुवर्षं उत्तम चालली होती. मुलगा शेंद्र्याला कंपनीत आहे. घरातल्या लग्नात आई हसली की दाढ काळी दिसेल, म्हणून त्यानं दुसरीकडं नेऊन ती कॅप कापून पांढरी बसवून घेतली. फट राहिली. भाकरीचा घास घेतला की बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मी तपासलं. शेजारची दाढ अजून शाबूत होती. म्हटलं, "ही कॅप कापून नवी करू. दोन-तीन चकरा होतील, पण चांगली दाढ वाचेल."

"चकरा नाय जमायच्या मॅडम, रजा भेटत नाय," मुलगा म्हणाला. "त्यापेक्षा ती शेजारचीच काढून टाका ना. मंग फटच राहणार नाय!"

गालातला कापूस थुंकून टाकून कौसाबाई खुर्चीवरून खाली उतरल्या.

"व्हय रं, लई सोपं हाय ना? बस इथं. डॉक्टरीणबाई, आधी ह्याची काढा. मंग माझी बघू."

मुलगा हसायला लागला. कौसाबाई हसल्या नाहीत.

मी नसरीनला म्हटलं, "नवा ट्रे लाव, दाढ काढायचा."