सुरकुती नसलेली चादर

गेल्या वर्षी माझा जुना शेजारी धाप लागून वाशिमला दवाखान्यात होता. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचं छोटं यंत्र खाटेपाशीच आणलं, त्याच्या छातीला लावलं आणि मला पडदा दाखवला. फुप्फुसात पाणी असलं की वरून खाली पांढरे पट्टे दिसतात. हृदय थकलंय हे दोन मिनिटांत कळलं. माझं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. तपासताना बाईंनी त्याला आडवं केलं नव्हतं.

सत्तरच्या दशकात मी मंगरूळपीरच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर होतो. यंत्रं म्हणाल तर एक स्टेथोस्कोप आणि एक वजनकाटा. काटा कोणालाच दुखवायचा नाही, सगळ्यांचं वजन सारखंच सांगायचा.

किन्हीराजाकडची चाळिशीची एक मजूर बाई नवऱ्याबरोबर आली. पाय सुजलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, पाठीला नळी लावली की फुप्फुसांच्या तळाशी पाण्याचे बुडबुडे ऐकू येत. लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप आखडली होती. लघवी वाढवून पाणी उतरवणारं इंजेक्शन दिलं आणि आडवं झालं की पाणी छातीत वर चढतं म्हणून टेकायला नवऱ्याची घोंगडी गुंडाळून दिली. दोन दिवस ती बसूनच राहिली. सुधारली, भाकर खाल्ली.

तिसऱ्या दिवशी जिल्ह्याहून मोठे साहेब तपासणीला येणार होते. अशा दिवशी नातेवाईक बाहेर आणि रुग्ण सगळे उताणे, लाल ब्लँकेट छातीपर्यंत, चादरीला सुरकुती नाही, असा रिवाज होता. बसलेला रुग्ण म्हणजे बेशिस्त दवाखाना. सिस्टरनी तिला निजवलं.

"लेटली की जीव कोंडते, बाई," ती म्हणाली. "साहेब मले पाह्याले येऊन राह्यले का चादर पाह्याले?"

सिस्टर हसल्या. "पाच मिनिटं कळ काढ. साहेब गेले की बस."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी टाय नीट करत होतो. "पाचच मिनिटं," मीही म्हणालो.

साहेबांची जीप विश्रामगृहावर चहाला थांबली. पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. दारात उभं असताना आतून तिचा खोकला ऐकू येत होता. मी गेलो नाही; माझ्या हातात हार होता. सिस्टरनी हाक मारली तेव्हा गेलो. तिच्या ओठांवर गुलाबी फेस होता. उठवून बसवलं, इंजेक्शन दिलं. उशीर झाला होता.

साहेब आले तेव्हा ब्लँकेट तिच्या चेहऱ्यावर होतं, तेही सरळ ओढलेलं. जाताना त्यांनी वहीत शेरा लिहिला: स्वच्छता समाधानकारक.

नवऱ्याने विचारलं, "दोन दिवस बसू देलं होतं न, डाक्टरसाहेब. मंग आज काहून लेटवलं?"

आजार फार पुढे गेला होता, असं काहीतरी मी सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण त्याने ते विचारलंच नव्हतं. त्याने घोंगडी उलगडली, झटकली, घडी घालून खांद्यावर टाकली आणि तो गेला.

डॉक्टरीणबाई यंत्र पुसत होत्या. "सर, तुमच्या वेळी हे नव्हतं. मग कळायचं कसं?"

"कळलं होतं," मी म्हणालो.