लाटांच्या तलावाजवळची खोली

ओल्या टॉवेलचा कुबट वास आला की मला वॉटर पार्कमधली ती खोली आठवते. ती निवडताना माझी नुसती उलघाल झाली होती. बागेकडची खोली शांत होती, पण तिथून सासूबाईंच्या गुडघ्यांना चालणं झेपलं नसतं. लाटांच्या तलावाजवळची सोयीची, पण त्या गोंगाटात मुलं दुपारची झोपली नसती. नवरा म्हणाला, "तुला हवी ती घे," म्हणजे चुकलं तर माझंच. एकदा घेतलेली चावी परत करून शेवटी मी तलावाजवळचीच खोली घेतली. मुलांचा जरा डोळा लागतो तोच बाहेर भोंगा वाजला. लाटा सोडण्याआधी तो वाजतोच, पण सासूबाईंचं आयुष्य थळला, खताच्या कारखान्याशेजारी गेलेलं. तिथे सरावात शिकवलेलं, की भोंगा झाला म्हणजे कारखान्यातून विषारी वायू सुटला, नाकाला ओलं फडकं धरायचं आणि वाऱ्याला आडवं पळायचं. मी चप्पल शोधेपर्यंत त्यांनी टॉवेल भिजवून दोन्ही नातवंडांच्या तोंडावर दाबले, गुडघे विसरून त्यांना काखोटीला मारलं आणि जिना उतरल्यासुद्धा. "आई, लाटांचा भोंगा आहे तो!" मी मागून ओरडले. "वारा कुठला हाय ते बघ आधी!" त्या थांबल्याच नाहीत. खाली माणसं पाण्यात नाचत होती. आता कुठेही खोली घेताना घरचे एसी चालतो का ते बघतात. मी खिडकी उघडते, बोट ओलं करून बाहेर धरते आणि वारा कुठला ते बघते.