एक कान दाराकडे

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका घाबरट माणूस मीरा-भाईंदरच्या हद्दीत दुसरा नाही. मी वर्तमानपत्रात काम करते. असं विधान छापण्याआधी ते दोनदा तपासायची सवय आहे आणि हे तपासलेलं आहे. आबा लिफ्टला घाबरतात, कारण ती अडकते. जिन्यालाही घाबरतात, कारण लिफ्ट चालू असताना जिन्याने चढणाऱ्या म्हाताऱ्याकडे वॉचमन संशयाने बघतो. भाईंदरच्या केबिन रोडवर भाजीवाल्याने "अंकल, और कुछ?" असं विचारलं की नाही म्हणायची त्यांना भीती वाटते, म्हणून ते कोथिंबिरीची आणखी एक जुडी घेतात. बहिणीच्या घरी आठवड्यातून चार दिवस कोथिंबीरवडी होते ती त्यामुळे. पण या सगळ्या किरकोळ भीती झाल्या. मुख्य भीती दारावरच्या बेलची. बेल वाजली की आबा आधी चष्मा लावतात, मग शर्टाचं वरचं बटण लावतात, केसांवरून हात फिरवतात, दाराच्या भोकातून बघतात आणि आपणच काहीतरी गुन्हा केला आहे अशा आवाजात विचारतात, "कोण?" बाहेर बहुतेक वेळा इस्त्रीवाला असतो. एकदा मी विचारलं, "आबा, येऊन येऊन कोण येणार आहे एवढं?" त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, बहीण ऐकत नाही याची खात्री केली आणि म्हणाले, "चेकर."

चेकर म्हणजे काय ते कळण्यासाठी आबांची नोकरी सांगायला हवी. परभणीकडून ते तरुणपणी इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत घरोघरी जाऊन माणसं काय वाचतात, काय ऐकतात, काय बघतात ते फॉर्मवर लिहीत राहिले. अशी पाहणी करणाऱ्या कंपन्या बदलल्या, फॉर्मचे रंग बदलले, पण काम तेच. या कामाचा एक नियम असा की इमारतीत शिरल्यावर उजव्या हाताची बाजू धरायची आणि ठरावीक दारं सोडून पुढचं दार वाजवायचं. मनाला येईल ते दार वाजवायचं नाही. हा नियम आबांच्या अंगात इतका मुरला आहे की एका लग्नात त्यांनी हॉलच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून दर चार खुर्च्या सोडून पाचव्या पाहुण्याला जय भीम घातला. मधल्या खुर्च्यांमध्ये त्यांचे सख्खे साडू होते. ते अजून बोलत नाहीत. दुसरा नियम पहिल्या प्रश्नाचा. "घरात कोणी वर्तमानपत्रात, जाहिरातीत किंवा पाहणीच्या कामात आहे का?" उत्तर 'हो' आलं की आभार मानून निघायचं. अशा घराची उत्तरं धरत नाहीत. बहिणीला बघायला आबा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी मला सहज विचारलं, "तू काय करतेस, पोरी?" मी म्हणाले, "पेपरमध्ये आहे." आबा "आभारी आहे" म्हणून उठून उभे राहिले. त्यांना हाताला धरून परत बसवावं लागलं आणि तेव्हा कुठे लग्न जमलं.

तर फॉर्म जमा झाले की ऑफिसातून एक माणूस त्यातल्या काही घरी पुन्हा जाऊन विचारत असे : आमचा माणूस खरंच आला होता का? हे प्रश्न विचारले का? तोच चेकर. आबांनी फॉर्म भरलेल्या घरी तो कितीतरी वेळा गेला आणि दरवेळी सगळं बरोबर निघालं. फक्त एका घरी तो गेला नाही, आणि आबा त्याच घरासाठी त्याची वाट बघत आहेत.

ते घर मीरा रोडला, पूनम सागरमध्ये, चौथ्या मजल्यावर होतं. रेडिओची पाहणी चालू होती. नियम तीन फेऱ्यांचा. तीनदा दार उघडलं नाही तर फॉर्मवर 'घर बंद' लिहायचं आणि पुढे जायचं. आबा तिसऱ्यांदा गेले तेव्हा आत रेडिओ चालू होता. जुनं गाणं लागलं होतं आणि आतली बाई त्याच्याबरोबर हळू आवाजात गात होती. बेल वाजवल्यावर गाणं थांबलं, रेडिओ थांबला, पण दार उघडलं नाही. "ती पण घाबरली होती," आबा मला म्हणाले. "भीती दाराआडून पण कळते, पोरी. मला तर लगेच कळते." नियमाप्रमाणे बाहेरून ऐकलेलं धरत नाहीत. आबांनी लिहिलं, 'स्त्री. वय पस्तीस ते चव्वेचाळीस. सकाळी ऐकते. जुनी गाणी.' इतक्या वर्षांतला हा एकच खोटा फॉर्म. "ती ऐकत होती गं. कुणी धरलंच नसतं तिला." एवढं बोलून ते पुन्हा बेलकडे बघू लागले.

अशा माणसाच्या हाती कोरियन पॉप कसं लागलं, तर माझ्या भाचीच्या बारावीमुळे. प्रज्ञा आठवीत असल्यापासून एका कोरियन गटाची भक्त आहे. गटात सहा मुलं आहेत. ती सगळी सारखीच दिसतात असं बहिणीचं मत आहे आणि ते तिने या घरात पुन्हा मांडू नये असं ठरलेलं आहे. बारावीची परीक्षा आली तशी बहिणीने प्रज्ञाचा फोन काढून घेतला आणि आबांकडे ठेवायला दिला, कारण ते त्याला हात लावायलाही घाबरतील अशी तिची खात्री होती. नेमकं त्याच आठवड्यात त्या गटाचं नवं गाणं आलं. पहिल्या आठवड्यात गाणं किती वेळा वाजलं यावर क्रमवारीतली त्याची जागा ठरते. प्रज्ञा आणि भाईंदरच्या काही मुलींचा एक ग्रुप आहे, आणि कोणी किती वेळा वाजवलं याचा पुरावा तिथे रोज द्यावा लागतो. ज्याच्या खात्यात घोळ निघेल त्याला काढून टाकतात. मराठीचा पेपर व्हायच्या आदल्या संध्याकाळी प्रज्ञा आबांच्या खुर्चीशी येऊन बसली. मी तिथेच होते.

"आबा, प्लीज ना. फक्त वाजत ठेवायचं. ऐकायची पण गरज नाही."

"ऐकायचं नाही आणि ऐकलं म्हणून लिहायचं?"

"लिहायचं नाहीये हो. ते आपोआप मोजलं जातं."

"मग तर जास्तच वाईट," आबा म्हणाले.

पण नातीला नाही म्हणायची भीती कोथिंबीरवाल्याला नाही म्हणण्यापेक्षा मोठी निघाली. प्रज्ञाने वहीच्या पानावर ग्रुपचे नियम लिहून दिले. आवाज बंद करायचा नाही. गाणं अर्धवट सोडायचं नाही. तेच गाणं लागोपाठ लावायचं नाही, मध्ये दुसरी दोन लावायची, नाहीतर माणूस नाही, मशीन ऐकतंय असं धरतात. आबांनी पान दोनदा वाचलं. "पोरींनी नियम चांगले केलेत," ते म्हणाले. "आमच्या ऑफिसापेक्षा कडक." आणि मग त्यांनी स्वतःचा एक नियम खाली जोडला : जेवढं वाजेल तेवढं खरोखर ऐकायचं. म्हणजे मोजणी खोटी ठरणार नाही.

पुढचे दिवस मी बहिणीच्या घरी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगते. चौऱ्याहत्तर वर्षांचे आबा प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसलेले. डोक्यावर प्रज्ञाचा गुलाबी हेडफोन, त्याला वर मांजराचे दोन कान. मांडीवर वही. वहीत नोंदी : 'सकाळी ११.२० ते ११.२३. पूर्ण ऐकले. मध्ये कुकरची शिट्टी, थोडे ऐकू आले नाही. दुसरी दोन झाल्यावर पुन्हा लावले.' 'दुपारी ४.०५. ऐकताना डोळा लागला. ही वेळ धरू नये.' नावं उच्चारता येत नसल्याने त्यांनी मुलांना नंबर दिले होते, आणि तिसऱ्या दिवसापासून ते आवाजावरून सहाही जण ओळखू लागले. चौथ्या दिवशी त्यांना नवी भीती लागली. "चार नंबरला या गाण्यात दोनच ओळी दिल्यात," ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "आधीच्या गाण्यांत जास्त असायच्या. मी मोजल्यात. काढतात की काय पोराला?" बहीण आतून ओरडली, "आबा, त्या पोराचं सोडा, तुमची बीपीची गोळी राहिलीय." गोळी घेऊन ते पुन्हा चार नंबरच्या दोन ओळी ऐकायला बसले.

पाचव्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. दुपारी बाराच्या सुमाराला फोन आला. आबांचा आवाज इतका खाली गेला होता की मी आधी कुणी आजारी आहे असं समजले.

"पोरी, आला."

"कोण आला?"

"चेकर. फोनमध्ये आलाय. लवकर ये."

मी मीरा रोडहून रिक्षाने पोहोचले. बहीण कामावर, प्रज्ञा पेपरला. आबा खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि फोन टीपॉयवर, हात न लावता, लांब ठेवलेला. पडद्यावर लिहिलं होतं की या खात्याचा वापर नेहमीपेक्षा वेगळा दिसतो आहे, खालची माहिती तपासावी. खाली प्रज्ञाचं नाव, स्त्री, आणि जन्मतारीख. तारखेचा हिशेब केला तर वय तेवीस निघत होतं. आठवीत खातं उघडताना बाईसाहेबांनी सहा वर्षं वाढवून लिहिली होती. "हिने पण खोटा फॉर्म भरलाय," आबा म्हणाले. त्याखाली दोन बटणं : 'बरोबर आहे' आणि 'बदला'.

"आबा, 'बरोबर आहे' दाबा. काही होत नाही. तिकडे माणूस नाहीये, मशीन आहे."

"ऐकतंय कोण?"

"तुम्ही."

"मी तेवीस वर्षांची बाई आहे?"

मी त्यांना दुसरी बाजू सांगितली, कारण ती सांगणं मला भाग होतं. माहिती बदलली तर ग्रुपला कळेल. रोजच्या पुराव्यात ते दिसतं. प्रज्ञाचं खातं घोळाचं ठरेल, तिला काढतील, आणि ती तिथे आठवीपासून आहे. आबांनी सगळं ऐकून घेतलं. कपाळावरचा घाम पुसला. "एकदा दाराआडची बाई लिहिली," ते म्हणाले, "तिच्यासाठी आजवर बेलला घाबरतोय. आता परत बाई लिहू? आता तर दाराआड मीच आहे."

"प्रज्ञाची भीती नाही वाटत?"

"सगळ्यात जास्त तिचीच वाटते," आबा म्हणाले, आणि त्यांनी 'बदला' दाबलं. पुरुष. वय चौऱ्याहत्तर. एका बोटाने, प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत. मी त्यांना असं काही करताना कधी पाहिलं नव्हतं. बटण दाबून झाल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि प्रज्ञा येईपर्यंत सोडला नाही.

ती अडीच वाजता आली. पेपर चांगला गेला होता. तोवर फोन गुडघेदुखीचं तेल आणि सकाळचे अभंग सुचवू लागला होता. तिने पडद्याकडे पाहिलं आणि काय झालं ते तिला विचारावं लागलं नाही. "आबा," ती म्हणाली, "तुम्हाला एकच काम सांगितलं होतं." आबा उभे राहिले. साहेबांपुढे उभं राहावं तसे. त्यांनी वही पुढे केली. प्रज्ञा रागाने पानं उलटू लागली आणि मग पानं हळू उलटू लागली. एका पानावर ती बराच वेळ थांबली. ते चार नंबरच्या ओळींचं पान होतं.

"तुम्ही खरंच ऐकलं? सगळं?"

"डोळा लागला ती वेळ काटलीय," आबा म्हणाले.

ग्रुपने त्या आठवड्याची तिची मोजणी रद्द केली. तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवून पाहिला. काही मुलींनी रडके चेहरे पाठवले, पण नियम नियम होता. ग्रुपमधून प्रज्ञाला काढलं, आणि परीक्षेनंतर खरं वय लिहून नवं खातं उघडल्यावर परत घेतलं. जुनं खातं तिने आबांना दिलं. हेडफोनही दिला, मांजराच्या कानांसकट.

परवा मी त्यांना म्हटलं, "आबा, आयुष्यभर दुसऱ्यांना मोजलंत, पहिल्या प्रश्नालाच तुमचं घर बाद होत होतं. आता कुठल्यातरी तक्त्यात तुम्हीही आलात. भाईंदर पूर्व, पुरुष, चौऱ्याहत्तर, कोरियन पॉप." मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. "अशी ओळ आली ना, पोरी," ते म्हणाले, "की ऑफिसात चूक समजून लाल पेनाने काटायचे. मी असतो तर मीही काटली असती." मग त्यांनी चष्मा सारखा केला. "एकदा येऊन विचारायला पाहिजे त्यांनी. नुसतं काटू नये. मी घरीच असतो."

आता ते रोज सकाळी अकराला ऐकायला बसतात. शर्टाचं वरचं बटण आधीच लावलेलं असतं. हेडफोनची एक बाजू कानावर, दुसरी कानामागे सरकवलेली. प्रज्ञा सांगते, आबा, अशाने निम्मंच गाणं ऐकू येतं, दोन्ही कानांवर घ्या. ते ऐकत नाहीत. चौथ्या मजल्यावरच्या त्या बाईने बेल ऐकली होती आणि दार उघडलं नव्हतं. आबांना भीती आहे ती दुसरीच. चेकर येईल, तीन फेऱ्या मारेल, आणि गाण्याच्या नादात आपल्याला ऐकूच येणार नाही.