मुद्देमाल खोलीतली विमानं

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेच तपास आता कागद चाळल्याशिवाय आठवत नाहीत. महाडच्या ठाण्यातली ही एक साधी चोरी मात्र आजही जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की चुटपुट लागते. नावं सांगत नाही. तक्रारदाराला सगळे काका म्हणत, मीही तेच म्हणतो.

काका मूळचे महाडजवळच्या तुडील गावचे. मुंबईत विमानांच्या देखभालीत नोकरी करून निवृत्त झाले आणि महाडला घर केलं. पत्नी वारलेली. एकुलता एक मुलगा मुंबईत, सुट्टीला येऊन जाऊन. काकांना छंद एकच, प्लॅस्टिकच्या छोट्या विमानांचे संच जमवण्याचा. खोक्यात सुटे भाग असतात. ते घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की हुबेहूब विमान तयार. काकांनी आयुष्यभर संच घेतले आणि एकही जोडला नाही. निवृत्तीनंतर निवांत बसून जोडीन, म्हणायचे. निवृत्ती आली, निवांतपणा काही आला नाही.

एके सकाळी ते एक खोका घेऊन ठाण्यात आले. एका शौकिनाला अदलाबदलीत द्यायचा म्हणून त्यांनी तो कानाशी धरून हलवला होता. आतले भाग खुळखुळायला हवेत, ते खुळखुळेनात. उघडला तर वर्तमानपत्राच्या घड्या. कपाटातले आणखी बरेच खोके तसेच निघाले. ठाणे अंमलदाराने हसू दाबत मला विचारलं, खेळण्यांची चोरी लिहायची का? काकांच्या चेहऱ्याकडे पाहून मी गुन्हा दाखल करायला सांगितला.

पंचनाम्याच्या वेळी काकांनी मला संच पारखायला शिकवलं. आधी खोक्याचे कोपरे बघायचे, मग आतली पिशवी बंद आहे ना ते. वैमानिकाच्या काचेवर ओरखडा नको. पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांचा कागद पिवळा पडलेला नको. आपल्याकडच्या दमट हवेत तो पडतोच. पिशवी एकदा फाटली की संचाची पत गेली. सांगताना ते कागद अगदी नाकाशी धरत होते. चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणाले.

मला एकच गोष्ट खटकत होती. विकणारा चोर खोक्यासकट माल नेतो. इथे खोके जागच्या जागी होते, फक्त पोट रिकामं. म्हणजे चोराला विकायचं नव्हतं, जोडायचं होतं.

खबर आणली तुडीलच्या एका मिनिडोर रिक्षावाल्याने. काकांचं गावचं घर बंद असतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो म्हणाला, "साहेब, घराला कुलूप हाय, पण रविवारी आतून रंगाचा वास येतो. भिंतीचा नाय, गाडीच्या रंगासारखा." आमच्या हवालदाराला त्यात हातभट्टीचा वास आला. त्याला कशातही तोच येतो.

आम्ही गेलो तेव्हा कुलूप होतं. घराला वळसा घातला तर पूर्वेच्या खिडकीला आतून छोटे छोटे कागद चिकटवलेले दिसले, उन्हाकडे तोंड करून. महाडला परतून काकांना विचारलं. त्यांनी सांगितलं, पिवळे पडलेले चिन्हांचे कागद असे काचेला लावून उन्हात ठेवले की पुन्हा पांढरे होतात. "ही युक्ती मी एकालाच शिकवली हाय," म्हणाले. कोणाला, ते मी विचारलं नाही.

मुलाला बोलावून घेतलं. चौकशीत आधी चहा द्यावा आणि आपण गप्प बसावं, हा माझा शिरस्ता. दटावून बोलतं केलेला माणूस आपल्याला हवं तेच बोलतो. चहा निवाला, तेव्हा तो बोलायला लागला. लहानपणी तो खोका उघडायला मागायचा आणि वडील म्हणायचे, हात पक्का झाला की देईन. हात पक्का झाला तोवर तो घराबाहेर पडला होता. अलीकडे वडिलांना डोळे दाखवायला त्यानेच नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही जाईल, असं डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. वडिलांना सांगायचा त्याला धीर झाला नाही.

"साहेब, दिसतंय तोवर त्यांना सगळी एकदा जोडलेली दाखवायची होती," तो म्हणाला. "मागून त्यांनी दिली नसती."

डोळ्यांचं त्यांना कळू देऊ नका, अशी त्याने गळ घातली. मला वाटलं, संपली केस. काकांना बोलावून एवढंच सांगितलं की मुलाने तुमच्यासाठीच विमानं जोडली आहेत. पण जमवणारा माणूस तो जमवणारा. "पिशव्या फाडल्या त्याने?" एवढंच त्यांच्या कानात शिरलं. "पोरगा झाला म्हणून काय? चोर तो चोर. तुमचा कायदा चालू द्या." मी समजूत घालून थकलो.

माल जप्त करायला गेलो, तेव्हा काका रागाने आलेच नाहीत. तुडीलच्या घरात फळ्यांवर विमानं रांगेने उभी होती. पंचसुद्धा हलक्या आवाजात बोलायला लागले. एकेक कागदात गुंडाळून, खोक्यांत भरून, लाखेचं सील लावून आम्ही ती मुद्देमाल खोलीत ठेवली. आयुष्यभर बंद राहिलेली विमानं पुन्हा बंद झाली.

पुढे मुलाने धीर करून वडिलांना खरं सांगितलं. काका त्याचा हात धरून ठाण्यात आले. तक्रार नको, विमानं दाखवा, म्हणाले. पण सील कोर्टाच्या हुकुमाशिवाय तोडता येत नाही. गैरसमजातून झालेली तक्रार म्हणून मी 'क' समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवली, मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करायला लावला, स्वतः मागे लागलो. तारखा पडत गेल्या. दर खेपेला काका मुलाचा हात जरा अधिक घट्ट धरून यायचे.

हुकूम आला त्या दिवशी मी माझ्या हाताने सील तोडलं. मुलाने एक विमान त्यांच्या तळहातावर ठेवलं. काकांनी ते डोळ्यांशी नेलं, खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि खाली आणलं. मग नाकापासून शेपटीपर्यंत बोट फिरवलं. पंखाच्या जोडावर नख थांबलं.

"इथं घासायचं राहिलं रे," ते म्हणाले. पुन्हा एकदा सगळ्या विमानावरून बोट फिरवून झाल्यावर म्हणाले, "बाकी हात पक्का झालाय तुझा."

मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मीही टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

चांगल्या दिवसासाठी म्हणून माणसं काय काय बांधून ठेवतात, हे मी पंचनाम्यांत घरोघरी पाहिलं होतं. त्याचा अर्थ या तपासात कळला. आता मुलगा रविवारी महाडला येतो, उरलेल्यातला एक खोका उघडतो, आणि कोणता भाग कुठे बसेल ते काका चाचपून सांगतात. बाजारात भेटला की तो मला हे हसून सांगतो. बरं वाटतं ऐकून. पण तुडीलच्या फळ्यांवरची ती रांग मी पाहिली, पंचांनी पाहिली, हवालदाराने पाहिली. ज्यांच्यासाठी ती उभी केली होती, त्यांनाच ती दिसली नाही.